टेन्शन किती घ्यायचं?

‘‘टेन्शन किती देऊ?’’ गटिंगवाल्या काकांनी विचारलं.

‘‘काका, टेन्शन ऑलरेडी भरपूर आहे. उद्या सकाळी डेडलाइन आहे!’’

काका हसले नाहीत. हा जोक त्यांनी आजवर हजार वेळा तरी ऐकला असणार. त्यांनी रॅकेट मशीनवर चढवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्या उजव्या कोपराखाली बांधलेल्या पट्ट्याकडे बोट दाखवलं.

‘‘हे कधीपासून?’’

‘‘दोन महिने झाले.’’

‘‘आणि हे गटिंग?’’

मी बोटांवर मोजलं. गणपतीच्या आधी करून घेतलं होतं... ‘‘आठ महिने. पण काका, तुटलं कुठंय अजून!’’

‘‘तेच तर,’’ काका म्हणाले आणि कात्रीने सगळ्या तारा कचाकच कापून टाकल्या.

त्या ‘तेच तर’चा अर्थ समजायला मला पुढचे तीन महिने, एक फिजिओ आणि बरेच पैसे लागले. तुम्ही वीकेंडला टेनिस खेळत असाल आणि बॉल सरळ, फ्लॅट मारत असाल, तर यातलं काही तुम्हाला फुकटात मिळावं म्हणून हा खटाटोप.

सरळमार्गी माणसं

टेनिसमध्ये ढोबळमानाने दोन जमाती आहेत. पहिली जमात बॉलला खालून वर घासत मारते. बॉल गरगरत नेटच्या चांगला दोन-तीन फूट वरून जातो आणि पलीकडे गेल्यावर झपकन खाली बसतो. हा टॉपस्पिन. दुसरी जमात रॅकेट बॉलच्या मागून आणते आणि सरळ समोर हाणते. बॉल नेटला चाटून जातो आणि टप्पा पडल्यावर फारसा उसळत नाही, सरपटतो. ही आमची जमात.

‘हे तुझ्या स्वभावातच आहे, तोंडावर सरळ बोलून मोकळी होतेस,’ असं मैत्रिणी म्हणतात. खरं कारण बाबा आहेत. बाबा बँकेत नोकरीला लागले तेव्हा लाकडी रॅकेटने टेनिस शिकले. मी सात वर्षांची असताना त्यांनी मला कोर्टवर नेलं आणि त्यांची सगळी विद्या एका वाक्यात देऊन टाकली, ‘‘बॉलच्या मागे जा आणि सरळ मार.’’ वीस वर्षं झाली, मी तेच करतेय.

बरं, ही जमात संपलेली नाही. २०१८ च्या जानेवारीत चेन्नईची एटीपी स्पर्धा महाराष्ट्र ओपन होऊन बालेवाडीला आली, तेव्हा आम्ही मास कॉमची चार टाळकी कशीबशी फायनलला पोचलो होतो. एकीकडे सहा फूट आठ इंच उंचीचा केविन अँडरसन, दुसरीकडे त्याच्यासमोर पोरसवदा दिसणारा फ्रान्सचा जिल सिमॉन. ना राक्षसी सर्व्हिस, ना गरगरणारा फोरहँड. सपाट, नेमके, कंटाळा न करता मारलेले शॉट्स. सिमॉन सरळ दोन सेटमध्ये जिंकला. मी बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, ‘‘मग! मी काय सांगत होतो?’’

मॅडम, प्रो लोक हीच वापरतात

एवढं सगळं माहीत असून गेल्या वर्षी माझी मती फिरली. जुनं गटिंग सैल झालं होतं. एका चकाचक दुकानात गेले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘‘मॅडम, फुल पॉली टाका. प्रो लोक हीच वापरतात.’’ मला कोण प्रो म्हणतंय? लगेच विरघळले. उभ्या-आडव्या सगळ्या तारा कडक पॉलिएस्टरच्या, टेन्शन ५६ पौंड. कसं खेळता, किती वेळा खेळता, हात दुखतो का, हे त्याने विचारलं नाही. खरं सांगायचं तर मीही त्याला काही विचारलं नाही.

आता या पॉलीची भानगड काय आहे ते बघू. १९९७ मध्ये गुस्ताव्हो कुएर्तेन नावाचा, जगात ६६ व्या नंबरवर असलेला कुरळ्या केसांचा ब्राझिलियन मुलगा फ्रेंच ओपन जिंकला. त्याच्या रॅकेटमध्ये लक्झिलॉन या बेल्जियन कंपनीची पॉलिएस्टर तार होती. पुढच्या काही वर्षांत सगळी टूर तिच्या मागे लागली. पॉली कडक असते आणि गुळगुळीत असते. खालून वर घासत मारलं की उभ्या तारा बॉलबरोबर बाजूला सरकतात आणि बॉल सुटायच्या आत सटकन जागेवर परत येतात. येता येता बॉलला आणखी एक गिरकी देतात. याला म्हणतात स्नॅपबॅक. टेनिसच्या फिजिक्सवर वर्षानुवर्षं काम केलेल्या रॉड क्रॉस आणि क्रॉफर्ड लिंडसे या जोडीने यावर भरपूर लिहिलंय.

पण तारा सरकायला आधी तशी घासणारी स्विंग हवी ना! सरळ मारणाऱ्याच्या तारा सरकतात, पण फारच कमी. म्हणजे पॉलीचा जो मेन फायदा, स्पिन, तो मला चिल्लर स्वरूपात मिळत होता. बिल मात्र फुल.

बिल कसलं? एक, कडक तारेमुळे प्रत्येक शॉटचा दणका हातापर्यंत जास्त पोचतो. दोन, पॉलीचं टेन्शन लवकर उतरतं. प्रो लोकांना त्याचं काय? ते प्रत्येक मॅचला ताजं गटिंग घेऊन उतरतात. फेडरर तर मॅचमध्ये नवे बॉल आले की नवी रॅकेट काढायचा. आपण? आपण तार तुटायची वाट बघतो.

आणि इथेच काकांचं ‘तेच तर’ येतं. टॉपस्पिनवाल्यांच्या तारा एकमेकींवर घासून घासून तुटतात, त्यामुळे त्यांना गटिंग बदलावंच लागतं. आमच्या तारा घासत नाहीत, म्हणून तुटत नाहीत. आणि आम्ही खूश, काय टिकाऊ माल मिळालाय! माझी तार कधीच मेली होती, फक्त पडली नव्हती. बॉल हवा तिथे जात नव्हता, म्हणून मी ग्रिप आणखी आवळून धरत होते, आणखी जोरात मारत होते. आठवड्यातून तीन दिवस, आठ महिने.

मग एके दिवशी गॅसवरची कढई उचलली आणि कोपराच्या बाहेरच्या बाजूला असा चमका आला की भाजी ओट्यावर! नंतर दाराची मूठ फिरवता येईना. मग माऊस धरता येईना. मी फ्रीलान्सर आहे, मला शब्दांवर पैसे मिळतात. हात बंद म्हणजे मीटर बंद. एका कॉफी टेबल बुकचं काम ‘वेळेत देऊ शकणार नाही’ म्हणून सोडावं लागलं. दोन महिन्यांचं घरभाडं होतं ते.

फिजिओ मॅडम स्पष्टवक्त्या निघाल्या. ‘‘स्ट्रिंग बदलून टेनिस एल्बो बरा होत नाही. व्यायामाने होतो. बॅकहँड उशिरा घेतेस तेही सुधार. पण ती मेलेली तार ठेवून व्यायाम करणार असशील, तर माझे आणि तुझे दोघींचे पैसे वाया.’’ एक किलोचं डंबेल हातात आलं आणि खेळ सहा आठवडे बंद.

अर्धी तू, अर्धी मी

सहा आठवड्यांनी काकांकडे गेले. काका म्हणाले, ‘‘हायब्रिड करू या.’’

हायब्रिड म्हणजे सोप्पं आहे. उभ्या तारा म्हणजे मेन्स एका जातीच्या, आडव्या म्हणजे क्रॉसेस दुसऱ्या जातीच्या. रॅकेटचा स्वभाव बराचसा मेन्स ठरवतात. हाताला काय जाणवतं, बॉल किती जोरात सुटतो, हे त्यांच्यावर जास्त अवलंबून. क्रॉसेस त्या स्वभावाला वळण लावतात.

ही आयडिया नवी नाही. १९९० च्या दशकात आंद्रे अगासी उभ्या तारा केव्हलारच्या वापरायचा, म्हणजे बुलेटप्रूफ जॅकेटमध्ये असतं ते! आडव्या तारा मऊ. फेडररने उभ्या तारा नॅचरल गटच्या आणि आडव्या पॉलीच्या ठेवल्या. जोकोविच आणि सेरेनाचाही तोच फंडा. अँडी मरेचं बरोब्बर उलटं, उभी पॉली आणि आडवं गट. चौघांच्या घरच्या कपाटात मिळून किती ग्रँड स्लॅम ट्रॉफ्या आहेत ते तुम्हीच मोजा. म्हणजे एकच बरोबर उत्तर नाही. ‘मी बॉल कसा मारतो?’ हा प्रश्न मात्र सगळ्यांना सारखाच आहे.

आणि आम्हा सरळमार्ग्यांचा प्रॉब्लेम वेगळा आहे. टॉपस्पिनवाल्याचा बॉल जरा वर सुटला तरी त्याची गिरकी त्याला कोर्टात खाली आणते. आमचा बॉल खाली आणायला फक्त गुरुत्वाकर्षण असतं. नेट मध्यभागी तीन फूट. त्याच्या जरा वरून जायचं आणि बेसलाइनच्या आत पडायचं, एवढीच खिडकी. त्यामुळे आम्हाला स्पिनपेक्षा हवा असतो भरवसा. बॉल प्रत्येक वेळी त्याच कोनात, तेवढ्याच जोरात सुटला पाहिजे. गेल्या महिन्यात सुटायचा तसाच या महिन्यातही सुटला पाहिजे.

मग मी आणि काकांनी तीन प्रयोग केले. रॅकेट तीच, १०० स्क्वेअर इंचांची, १६ उभ्या आणि १९ आडव्या तारांची. समोर डबल्स पार्टनर तोच, हिंजवडीत कोडिंग करणारा आणि ‘डेटा कुठंय?’ विचारणारा. प्रत्येक गटिंगला तीन आठवडे.

प्रयोग पहिला: उभी पॉली, आडवं सिंथेटिक गट. सिंथेटिक गट म्हणजे आपलं साधं नायलॉन, नाव तेवढं भारी. पॉली ५० पौंड, नायलॉन ५३. कंट्रोल म्हणाल तर एकदम सही! बॉल खालून सुटतो, आऊट जात नाही. पार्टनर म्हणाला, ‘‘आज लाइनी रंगवतेयस की काय!’’ पण चाळीस मिनिटांनी कोपराने हळूच हाक मारली. अजून दहा मिनिटांनी जोरात मारली. ज्यांचा हात ठणठणीत आहे, स्विंग दांडगी आहे आणि बॉल सारखा बाहेर जातो, त्यांच्यासाठी हे बेस्ट. माझ्यासाठी नाही.

प्रयोग दुसरा: उभं नॅचरल गट, आडवी पॉली. हे उधारीवर. क्लबातल्या एका डॉक्टरांनी त्यांची रॅकेट दिली. पहिल्याच शॉटला कळलं की लोक यासाठी एवढे पैसे का मोजतात. दणका म्हणून काही नाहीच. बॉल तारांवर क्षणभर विसावतो आणि मग जातो. कोपर चिडीचूप. नॅचरल गट टेन्शनही सगळ्यात चांगलं धरून ठेवतं, म्हणजे भरवशाचा प्रश्नच मिटला. पण माझे निम्मे फोरहँड बेसलाइनच्या फूटभर बाहेर! गटमध्ये पॉवर जास्त आणि बॉल जरा वरच्या कोनात सुटतो. फेडररकडे तो खाली आणायला स्पिन होता. मी काय आणणार? उपाय आहेत. टेन्शन दोन-तीन पौंड वाढवा किंवा १८ उभ्या आणि २० आडव्या तारांची दाट जाळीची रॅकेट घ्या.

पण दोन गोष्टी राहतात. एक म्हणजे किंमत. साध्या नायलॉनच्या कित्येक पट. आणि पुण्याचा पावसाळा. गटला ओल अजिबात सहन होत नाही.

दुसरी गोष्ट घरी कळली. आपण सगळे सर्रास ‘गटिंग’ म्हणतो, पण गट म्हणजे आतडं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पूर्वी पिंजाऱ्याच्या धनुकलीला तांत असायची, तोच प्रकार. फ्रान्सच्या लिऑनमध्ये बाबोलाने १८७५ मध्ये पहिल्यांदा अशी स्ट्रिंग बनवली ती मेंढीच्या आतड्याची. आता ते गाईचं असतं. मी जेवताना हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. आईने वाढायचं थांबून विचारलं, ‘‘आणि ती बॅग तू देवघरासमोर ठेवली आहेस?’’ बॅग हलली. तुमच्या घरी हा प्रश्न येणार असेल तर आधीच विचार केलेला बरा. नसेल, तर गटसारखं काही नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते.

प्रयोग तिसरा: उभी मल्टिफिलामेंट, आडवी पॉली. मल्टिफिलामेंट म्हणजे शेकडो बारीक धागे एकत्र पिळून केलेली मऊ तार. गटची नक्कल, पण शाकाहारी आणि खिशाला परवडणारी. मल्टी ५६ पौंड, पॉली ५२. पॉली बारीक, गोल आणि गुळगुळीत घेतली. आजकाल पंचकोनी, षटकोनी कडांच्या पॉली मिळतात, त्या स्पिनसाठी. इथे त्या मऊ मेन्सना करवतीसारख्या कापतात.

पहिल्या दिवशी काही खास वाटलं नाही. गटचा तो मखमली फील नाही, पॉलीची ती धार नाही. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की मी गटिंगचा विचारच करत नाहीये. बॉल जायचा तिथे जातोय. आडवी पॉली मल्टीच्या पॉवरला लगाम घालतेय. तासाभराने पट्टा काढला, तरी कोपर गप्प.

याची एक खोड आहे. महिना-दीड महिन्यात मल्टीला खाचा पडतात, धागे पिसारतात, मेन्स सरकायच्या बंद होतात. टॉपस्पिनवाल्यांची इथे वाट लागते. आमचं तसं फार बिघडत नाही, कारण आमच्या मेन्स मुळात सरकतच कमी होत्या. शिवाय खाचा पडल्या की डोळ्यांना दिसतं, गटिंग बदलायची वेळ झाली. मेलेली पॉली असं काही सांगत नाही.

मग टेन्शन किती?

पार्टनरने तिसऱ्या प्रयोगाच्या शेवटी विचारलंच, ‘‘म्हणजे ५६/५२ हे फायनल उत्तर?’’ नाही रे बाबा! ते माझं उत्तर. पीट सॅम्प्रस नॅचरल गट ७० पौंडांच्याही वर ओढून घ्यायचा, रॅकेट नाही, फळीच. याउलट फ्रान्सचा एड्रियन मॅनारिनो आमच्याच सपाट जमातीतला, तो २५ पौंडांच्या आसपास खेळण्यासाठी टूरवर प्रसिद्ध. घट्ट तार म्हणजे कंट्रोल, सैल तार म्हणजे पॉवर हे पुस्तकातलं सूत्र ढोबळ अर्थाने बरोबर आहे. पण शेवटी ज्याची स्विंग, त्याचं टेन्शन. मधून सुरुवात करा आणि दोन-दोन पौंडांनी सरका.

फ्लॅट फंडा

- हात दुखत असेल तर उभी मल्टी, आडवी पॉली. बजेट असेल आणि चालत असेल तर उभं नॅचरल गट. आणि आधी डॉक्टर किंवा फिजिओ, मग दुकान.
- हात ठणठणीत, पण बॉल बाहेर जातो? उभी पॉली, आडवं नायलॉन किंवा मल्टी.
- खिसा रिकामा असेल तर उभं सिंथेटिक गट, आडवी पॉली. फ्लॅट मारणाऱ्यांना याचा स्वच्छ, ठणठणीत फील आवडतो.
- टेन्शन रॅकेटच्या फ्रेमवर छापलेल्या रेंजच्या मध्यावर ठेवा. पॉली तीन-चार पौंड सैल.
- एक पाकीट, दोन गटिंग. पाकिटात साधारण १२ मीटर तार असते. हायब्रिडला प्रत्येकी निम्मी लागते. दोन जातींची एकेक पाकिटं घेतली की दोनदा काम होतं.
- किती दिवसांनी? जुना नियम असा की आठवड्यातून जितक्या वेळा खेळता, वर्षातून तितक्या वेळा गटिंग बदला. पॉली असेल तर त्याहून लवकर. तुटायची वाट बघू नका!
- मे महिन्यात रॅकेट बंद गाडीत सोडू नका. उन्हात टेन्शन उतरतं, रॅकेटचं. आपलं वाढतं.

परवा रविवारी बऱ्याच दिवसांनी बाबांबरोबर कोर्टवर गेले. बाबांचे गुडघे आता बोलतात, त्यामुळे ते बेसलाइनच्या मधोमध उभे राहतात आणि मी बॉल त्यांच्या हातात द्यायचा, असा अलिखित करार आहे. अर्धा तास आम्ही दोघं सरळ मारत होतो. एकही बॉल नेटच्या फूटभर वर गेला नसेल. मग त्यांनी माझी रॅकेट मागून घेतली, दोन बॉल मारले आणि तारांवर बोट फिरवून विचारलं, ‘‘ही दोन रंगांची का?’’

मी त्यांना स्नॅपबॅकपासून मॅनारिनोपर्यंत सगळं सांगितलं. दहा मिनिटं. बाबांनी शांतपणे ऐकलं.

‘‘म्हणजे सरळ मारायचं आणि वेळेवर गटिंग बदलायचं,’’ ते म्हणाले. ‘‘एवढंच ना?’’

एवढंच. काल काकांकडे गेले. दीड महिना झाला होता, खाचा दिसायला लागल्या होत्या, कोपराला पट्टा नव्हता.

‘‘टेन्शन किती देऊ?’’

‘‘५६/५२,’’ मी म्हटलं. ‘‘बाकीचं माझ्याकडे आहे.’’

या वेळी काका हसले.